बेस इमेज आपोआप तयार करणं : प्रकल्प नोंदी

१३ मे २०२४, सोमवार

आजपासून हे काम माझ्याकडे. दुखणं जुनंच आहे. लोड वाढला की ऑटोस्केलिंग (गर्दीप्रमाणे सर्व्हर वाढवणारी क्लाउडची सोय) नवा सर्व्हर उठवतं, पण तो कामाला लागेपर्यंत १४ मिनिटं जातात. आज घड्याळ लावून मोजलं. बूट व्हायला मिनिटभरही लागत नाही. बाकीचा सगळा वेळ यूजर-डेटा स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हर उठताना चालणारी स्क्रिप्ट, खाते: पॅकेजची यादी ताजी करा, अपग्रेड करा, जावा टाका, लॉग एजंट टाका, सर्टिफिकेट आणा, मग ॲप. तोवर गर्दी ओसरलेली असते. एखादी रेपॉझिटरी त्याच वेळी बंद असली तर सर्व्हर अर्धवटच उठतो.

हे सगळं आधी करून इमेजमध्ये, सर्व्हरच्या डिस्कच्या तयार साच्यात, बसवायचं, म्हणजे उठवताना फक्त उठवायचं. इमेज तशी आत्ताही आहे, पण हाताने केलेली. सर्व्हर उठवला, लॉगिन केलं, हवं ते टाकलं, कन्सोलवर 'क्रिएट इमेज' दाबलं. नाव 'बेस-फायनल-नवीन-२'. ती बनवणारा सहकारी नोकरी बदलून गेला आहे आणि आत नेमकं काय आहे हे आज टीममध्ये कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. मला याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ४० सर्व्हर त्या इमेजवर उभे आहेत.

साधन पॅकर ठरवलं: टेम्प्लेट नावाच्या फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे इमेज आपोआप बनवणारा प्रोग्राम. आमचा क्लाउड ॲमेझॉनचा एडब्ल्यूएस; त्याचा स्वतःचा ईसी२ इमेज बिल्डर डिसेंबर २०१९ पासून आहे आणि चांगला आहे, पण उद्या हीच इमेज दुसऱ्या क्लाउडवर किंवा आमच्याच व्हर्च्युअल मशीनवर हवी झाली तर पॅकरचं टेम्प्लेट बरंचसं तसंच चालेल. पॅकर २०१३ पासून वापरात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स झाला. अंतर्गत वापराला त्याची आडकाठी नाही, तरी वाचून घेतला आणि तसं प्रकल्पाच्या कागदात लिहून ठेवलं.

१५ मे, बुधवार

जुन्या इमेजचं उत्खनन. तिच्यावरून एक सर्व्हर उठवला, शेजारी उबंटू २२.०४ लिनक्सची कोरी इमेज उठवली, आणि दोन्हींवरच्या पॅकेजच्या याद्या समोरासमोर ठेवल्या. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही कमांड इथे फार कामाची: अवलंबून म्हणून आलेली पॅकेजं वगळून, कोणीतरी मुद्दाम टाकलेलीच दाखवते. मग बदललेल्या कॉन्फिग फाइल, सिस्टिमडीची (बूट आणि सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) युनिट, 'ऑप्ट' फोल्डर आणि सगळ्यात शेवटी क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी.

रूटच्या क्रॉनटॅबमध्ये एक ओळ सापडली. रोज पहाटे ३ वाजता एका फोल्डरमधल्या दोन दिवसांहून जुन्या फाइल पुसायच्या. गिटमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदीत) तिचा मागमूस नाही, विकीवर नाही, विचारलं तर कोणाला माहीत नाही. फोल्डर सध्या रिकामं आहे. नव्या इमेजमध्ये ती घेत नाही, पण ओळ इथे उतरवून ठेवतो.

२० मे, सोमवार

पहिलं टेम्प्लेट. पॅकर जे करतो ते माणूस हाताने करतो तेच: तात्पुरती की-जोडी बनवतो, तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप बनवतो, मूळ इमेजवरून सर्व्हर उठवतो, एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करून) आत जातो, सांगितलेली कामं करतो, सर्व्हर थांबवून डिस्कचा स्नॅपशॉट घेतो, त्याची एएमआय (एडब्ल्यूएसवरची इमेज) नोंदवतो आणि मागचं सगळं आवरतो. फरक इतकाच की पायऱ्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात आणि ती फाइल गिटमध्ये असते.

मूळ इमेज शोधायला नावाचा पॅटर्न दिला आणि 'सगळ्यात ताजी' असं सांगितलं. सोबत मालकाचा खाते क्रमांक दिला, उबंटू बनवणाऱ्या कॅननिकलचा ०९९७२०१०९४७७. रिव्ह्यूमध्ये कोणीतरी विचारलं की नाव पुरेसं नाही का. नाही. एएमआय कोणीही सार्वजनिक करू शकतं आणि तिला हवं ते नाव देऊ शकतं. नुसत्या नावावर आणि 'ताजी' या अटीवर विसंबलो तर उद्या कोणीतरी हुबेहूब नावाची इमेज टाकेल आणि आमचा बिल्ड तीच उचलेल. मालकाची ओळ टेम्प्लेटमधून काढायची नाही. तिच्यावर तशी टिप्पणी लिहिली.

बिल्ड पहिल्याच पायरीला पडला: पॅकेज टाकणाऱ्या डीपीकेजीचं लॉक मिळत नाही. सर्व्हर उठल्या उठल्या उबंटूची स्वतःची रोजची ॲप्टची (पॅकेज अपडेटची) कामं आणि क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला सर्व्हरची मांडणी करणारा प्रोग्राम) सुरू असतात आणि पॅकर त्यांच्या अंगावर जाऊन पडतो. गंमत म्हणजे तीनपैकी एकदा बिल्ड पासही होतो, म्हणून असले दोष लवकर पकडता येत नाहीत. टेम्प्लेटची पहिली पायरी आता 'क्लाउड-इनिट स्टेटस --वेट', आणि ॲप्टला लॉकसाठी ३०० सेकंद थांबायची मुभा. त्यानंतर सलग दहा बिल्ड चालवले. दहाही पास.

२२ मे, बुधवार

अपग्रेड चालू असताना बिल्ड गोठला. २२.०४ मध्ये नीडरीस्टार्ट नावाचा प्रोग्राम विचारतो की कोणत्या सर्व्हिस पुन्हा सुरू करायच्या, आणि उत्तर द्यायला समोर माणूस नाही. त्याचा मोड 'आपोआप' केला, डेबियन फ्रंटएंड नॉन-इंटरॅक्टिव्ह केला, म्हणजे पॅकेज टाकताना प्रश्नच येत नाहीत.

२७ मे, सोमवार

शेल स्क्रिप्ट २०० ओळींवर गेली, वाचवेना. अॅन्सिबल या सर्व्हर-मांडणीच्या साधनाच्या रोलमध्ये, म्हणजे छोट्या भागांत, फोडली. अॅन्सिबल बाहेरून चालवतो आहोत, बिल्डच्या सर्व्हरवर टाकत नाही. जे साधन फक्त बिल्डपुरतं लागतं ते इमेजमध्ये राहिलं की त्याचीही अपडेट कायमची आपल्या गळ्यात.

३ जून, सोमवार

दोन दिवस याच्यात गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या वातावरणात, नव्या इमेजचे दोन सर्व्हर उठवले. दोन्ही ठणठणीत. पण लॉगच्या डॅशबोर्डवर एकच होस्ट दिसतो, आणि त्याचा मेमरीचा आलेख करवतीसारखा वरखाली उड्या मारतो. आधी एजंटच्या कॉन्फिगवर संशय घेतला, मग नेटवर्कवर, मग घड्याळावर. शेवटी दोन्ही टर्मिनल शेजारी लावली आणि दोन्हीकडे मशीन-आयडीची फाइल उघडली. ३२ अक्षरांची ओळ. पहिलं अक्षर सारखं, दुसरं सारखं, बोट ठेवून शेवटपर्यंत गेलो. सगळी सारखी.

कोऱ्या इमेजमध्ये ही फाइल रिकामी असते आणि पहिल्या बूटला सिस्टिमडी तिच्यात नवा आयडी लिहितो. आमचा बिल्डचा सर्व्हर एकदा बूट झालेलाच असतो. त्याला मिळालेली ओळख आम्ही डिस्कसकट गोठवली आणि पुढे प्रत्येक सर्व्हरला वाटली. एजंट होस्ट ओळखतो तो याच आयडीवरून. क्लाउडवर निदान आयपी सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरून ठरतो. आपल्या व्हर्च्युअल मशीनवर असतो तर सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीची ओळखही याच आयडीतून काढतं आणि दोन मशीनना एकच आयपी मिळण्याची वेळ आली असती.

उपाय: बिल्डच्या शेवटी ती फाइल शून्य बाइटची करायची. पुसून टाकण्यापेक्षा रिकामी ठेवणं बरं, कारण फाइलच नसली आणि रूट डिस्क बूटच्या सुरुवातीला फक्त वाचण्यापुरती माउंट झालेली असली तर तिथे काही लिहिता येत नाही. सोबत सिस्टिमडीचं रँडम-सीड पुसलं, एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हर आपली ओळख पटवतो त्या) पुसल्या, 'क्लाउड-इनिट क्लीन --लॉग्ज' चालवलं. होस्ट की क्लाउड-इनिट नव्या सर्व्हरवर तशाही नव्याने बनवतो. तरी मी पुसतोच. ४० सर्व्हरचा एकच होस्ट की म्हणजे त्यांतला एक हाती लागला की बाकी ३९ चं सोंग घेता येतं.

५ जून, बुधवार

सुरक्षेचं काम बघणारी सहकारी इमेज तपासायला बसली. पंधरा मिनिटांत तिचा मेसेज: "ऑथराइज्ड कीजमध्ये ही दुसरी की कोणाची रे?"

पॅकरची. बिल्डपुरती बनवलेली की-जोडी. तिचा खासगी भाग बिल्डबरोबर गेला, पण सार्वजनिक भाग उबंटू यूजरच्या ऑथराइज्ड कीजच्या फाइलमध्ये, म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्या यादीत, बसून राहिला. ती काढून टाकायची सेटिंग पॅकरमध्ये आहे, मुळात बंद असते, आणि कागदपत्रं वाचताना माझ्या नजरेतून सुटली होती. चालू केली. तिने पुढे शेल हिस्टरी, 'टेम्प'मधल्या उरलेल्या स्क्रिप्ट, ॲप्टचा कॅशे, बिल्डचे लॉग अशी यादीच दिली. सगळं आवरण्याच्या रोलमध्ये घातलं.

मग तिने विचारलं, "आणि आपल्या खासगी रेपॉझिटरीचं टोकन?" मी म्हणालो, ते बिल्डमध्ये फाइलीत लिहितो आणि काम झालं की पुसतो. ती म्हणाली, "पुसतोस म्हणजे काय करतोस?"

६ जून, गुरुवार

तिच्या प्रश्नाने झोप लागली नाही, म्हणून सकाळी करूनच पाहिलं. कालच्या इमेजच्या स्नॅपशॉटवरून एक व्हॉल्यूम बनवला, दुसऱ्या सर्व्हरला जोडला, माउंट केला नाही. थेट डिव्हाइसवर 'स्ट्रिंग्ज' (वाचता येणारी अक्षरं काढणारी कमांड) चालवून टोकनच्या सुरुवातीची सहा अक्षरं शोधली. चार-पाच मिनिटं पडदा रिकामा. मग एक ओळ आली. आख्खं टोकन.

फाइल पुसली की फाइलसिस्टिम फक्त तिची नोंद काढते. ब्लॉकमधला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो, आणि ईबीएसचा (एडब्ल्यूएसवरच्या डिस्कचा) स्नॅपशॉट घेतला जातो तो ब्लॉकचा. म्हणजे ही इमेज ज्याच्या ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती टोकन गेलं. सुदैवाने ती आमच्या खात्याबाहेर शेअर केलेली नव्हती.

तासाभरात टोकन रद्द करून नवं घेतलं. आतापर्यंतच्या सगळ्या चाचणी इमेज आणि त्यांचे स्नॅपशॉट काढले. टेम्प्लेट बदललं: गुपित लागलंच तर ते 'रन' फोल्डरमध्ये, जे फक्त मेमरीत असतं, डिस्कला स्पर्श करत नाही. स्वॅप बंद. मग नव्या इमेजवर तोच शोध पुन्हा चालवला. अर्ध्या तासात आख्खी डिस्क वाचून झाली, काही आलं नाही. ही तपासणी आता कायमची चाचणी झाली आहे. प्रत्येक बिल्डला एक बनावट टोकन खऱ्याच मार्गाने जातं आणि चाचणी डिस्कभर त्याला शोधते.

१० जून, सोमवार

चाचण्यांची मांडणी. बिल्डच्या सर्व्हरवरच तपासण्यात फारसा अर्थ नाही, तो कधीच पहिल्यांदा बूट झालेला आहे. इमेज तयार झाल्यावर तिच्यावरून कोरे सर्व्हर उठवायचे आणि तिथे तपासायचं. आणि सर्व्हर एक पुरत नाही, दोन लागतात. मशीन-आयडी वेगळे आहेत का, होस्ट की वेगळ्या आहेत का, हे एकट्या सर्व्हरला विचारून कळणारच नाही. ३ जूनचा दोष एका सर्व्हरवरच्या कुठल्याही चाचणीत पास झाला असता.

बाकीच्या तपासण्या टेस्टइन्फ्रा या चाचणीच्या साधनात: सर्व्हिस चालू आहेत, पोर्ट उघडी आहेत तेवढीच, रूट पार्टिशन डिस्कएवढं वाढलं, मेटाडेटा (सर्व्हरला क्लाउडकडून मिळणारी स्वतःची माहिती) फक्त दुसऱ्या आवृत्तीने, म्हणजे टोकन घेऊनच मिळतो.

१३ जून, गुरुवार

सीआयएस या संस्थेच्या सुरक्षा-बेंचमार्कप्रमाणे 'टेम्प'वर 'नोएक्झेक' (इथली फाइल चालवायची नाही) लावलं आणि त्यापुढची प्रत्येक पायरी 'परमिशन डिनाइड'. पॅकर आपल्या स्क्रिप्ट तिथेच ठेवून चालवतो. त्याला दुसरं फोल्डर दिलं, ते शेवटी पुसतो.

१८ जून, मंगळवार

पाइपलाइन जोडली. मुख्य शाखेत बदल आला की बिल्ड, आणि बदल नसला तरी दर सोमवारी पहाटे बिल्ड, कारण आपण हललो नाही तरी खालची उबंटू हलत असते. इमेजच्या नावात वेळ, टॅगमध्ये गिटचा कमिट आणि मूळ एएमआयचा क्रमांक. कुठल्याही चालू सर्व्हरवरून उलट चालत टेम्प्लेटच्या नेमक्या ओळीपर्यंत पोचता यायला हवं.

'चालू इमेज कोणती' याचं उत्तर एकाच ठिकाणी ठेवलं: पॅरामीटर स्टोअरमधली एक नोंद. लाँच टेम्प्लेट (नवा सर्व्हर कसा उठवायचा ते सांगणारी मांडणी) एएमआयचा क्रमांक स्वतः बाळगत नाही, ती नोंद वाचतं. चाचण्या पास झाल्या तरच पाइपलाइन नोंद पुढे सरकवते. मागे जायचं तर नोंद मागच्या क्रमांकावर आणायची, बास. आज मुद्दाम दोनदा मागेपुढे करून पाहिलं.

२४ जून, सोमवार

ॲपही इमेजमध्ये घालायचं का, यावर लांब चर्चा झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं: सगळं घाला, म्हणजे उठवताना काहीच उरत नाही. माझी काळजी: ॲप दिवसात तीनदा बदलतं, मग प्रत्येक वेळी आख्खी इमेज? शेवटी दोन थर ठरले. खालची बेस इमेज आठवड्याला. तिच्यावर ॲपची इमेज प्रत्येक रिलीजला, जिच्यात एकच पायरी असल्याने ती सहा मिनिटांत होते. डेटाबेसचा पत्ता वगैरे वातावरणाप्रमाणे बदलणारं काहीही आत नाही, ते बूटच्या वेळी यूजर-डेटातून. स्टेजिंगवर जी इमेज तपासली तीच, तोच क्रमांक, प्रॉडक्शनवर जायला हवी. यावर मी अडून बसलो आणि सगळ्यांनी मान्य केलं.

२६ जून, बुधवार

स्टेजिंगवर एका सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली. पाहतो तर अहवालांच्या पीडीएफच्या तात्पुरत्या फाइल, हजारोंनी, १५ मेला रिकाम्या दिसलेल्या त्याच फोल्डरमध्ये. म्हणजे ती पहाटे ३ ची क्रॉनची ओळ रोज निमूटपणे हे भांडं घासत होती, आणि ते स्वच्छ दिसलं म्हणून मी तिला बिनकामाची समजलो. चूक माझी. ओळ उतरवून ठेवली होती म्हणून कारण दहा मिनिटांत सापडलं. आता तोच नियम सिस्टिमडी-टेम्पफाइल्समध्ये आहे, वर कशासाठी आहे हे दोन ओळींत लिहिलं आहे, आणि त्याची चाचणीही आहे.

१ जुलै, सोमवार

दुपारनंतर सगळं बाजूला ठेवावं लागलं. क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधला, म्हणजे सर्व्हरवर एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्राममधला, दोष जाहीर केला, सीव्हीई-२०२४-६३८७, नाव 'रिग्रेशन' या शब्दावर बेतलेलं, कारण २००६ मध्ये बुजवलेलं भोकच नंतरच्या एका बदलात पुन्हा उघडलं. लॉगिनसाठी दिलेली मुदत संपते, मुळात १२० सेकंद, तेव्हा सिग्नल हाताळणाऱ्या कोडमध्ये शर्यत लागते आणि ती जिंकली तर लॉगिन न करता रूट म्हणून कोड चालवता येतो. ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या. उबंटू २२.०४ मध्ये ८.९पी१ आहे. म्हणजे आमचे सगळे सर्व्हर.

उबंटूचं दुरुस्त पॅकेज आजच आलं. चालू सर्व्हरवर ते लावणं सोपं आहे. मला घोर इमेजचा होता. चालू सर्व्हर दुरुस्त केले तरी रात्री ऑटोस्केलिंग जुन्या इमेजवरून नवा सर्व्हर उठवणार, आणि तो भोकासकट उठणार.

चाचण्यांमध्ये आधी पॅकेजच्या आवृत्तीची तपासणी घातली, जुन्या इमेजवर ती पडते हे पाहिलं, मग बिल्ड सोडला. मूळ उबंटूची नवी एएमआय अजून आलेली नव्हती, पण आमच्या बिल्डमध्ये अपग्रेड होतंच, त्यामुळे पॅकेज आलं. बेस झाली, तिच्यावर ॲपची इमेज झाली, चाचण्या पास, नोंद सरकली. मग इन्स्टन्स रिफ्रेश (सगळे सर्व्हर टप्प्याटप्प्याने बदलणं), ९० टक्के सर्व्हर कायम चालू राहतील या अटीवर. चार-चार करत जुने जात होते, नवे येत होते. रात्री ११ वाजून २० मिनिटांनी शेवटचा जुना सर्व्हर गेला. कोणालाही कुठल्याही सर्व्हरवर लॉगिन करावं लागलं नाही.

२ जुलै, मंगळवार

सकाळी ४० ही सर्व्हरवरच्या आवृत्त्यांची यादी काढून सुरक्षेचं काम बघणाऱ्या सहकारीला पाठवली. तिचं उत्तर: "छान. आता झोप."

९ जुलै, मंगळवार

नवा सर्व्हर आता अडीच मिनिटांत कामाला लागतो. १४ वरून अडीच, तरी बूट मिनिटभराचं आणि ॲप स्थानिक मशीनवर २० सेकंदांत उठतं, मग उरलेला वेळ कुठे जातो? डिस्कवर. स्नॅपशॉटवरून बनलेला व्हॉल्यूम लगेच वापरता येतो, पण त्यातले ब्लॉक पहिल्यांदा वाचले जातात तेव्हा एस३ या एडब्ल्यूएसच्या साठ्यातून ओढले जातात, आणि जावाचं ॲप सुरू होताना शेकडो फाइल पहिल्यांदाच वाचतं. फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअरने हे टळतं, पण ते प्रत्येक झोनला, तासाच्या हिशोबाने आकारलं जातं आणि आमची इमेज दर आठवड्याला बदलते. ते नको. त्याऐवजी जुने कर्नल आणि न लागणारी पॅकेजं काढली, आणि बूट होतानाच ॲपच्या फाइल समांतर वाचून घेणारं एक छोटं युनिट घातलं. एक मिनिट ५० सेकंद. इथे थांबतो.

१५ जुलै, सोमवार

जुन्या इमेज काढणाऱ्या स्क्रिप्टने घात केला. नियम साधा होता: शेवटच्या सहा ठेवा, चालू सर्व्हर जिच्यावर आहे ती ठेवा, बाकी काढा. महिन्यातून एकदाच उठणारा एक हिशोबाचा सर्व्हर आहे. त्याच्या लाँच टेम्प्लेटमध्ये एएमआयचा क्रमांक थेट लिहिलेला होता. तो काल रात्री उठलाच नाही, इमेज काढून टाकलेली होती. काम सकाळी हाताने चालवून दिलं.

तीन बदल केले. ते टेम्प्लेटही आता पॅरामीटरची नोंद वाचतं. स्क्रिप्ट 'शेवटची कधी वापरली' ही एएमआयची माहिती बघते, आणि ती माहिती २४ तास उशिरा येते हे धरून चालते. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: डीरजिस्टर करण्याआधी, म्हणजे इमेजची नोंद कायमची काढण्याआधी, १४ दिवस इमेज फक्त 'डिसेबल' करायची. डिसेबल केलेली इमेज पुन्हा चालू करता येते. आणि नुसतं डीरजिस्टर केलं तर स्नॅपशॉट तसेच मागे राहतात, तेही आठवणीने काढावे लागतात. क्रमही तोच, आधी इमेज, मग स्नॅपशॉट, उलटं करू गेलं तर नकार मिळतो. मागच्या तीन वर्षांचे मालक नसलेले ६१ स्नॅपशॉट पडून होते. ते यादी करून, दोघांनी बघून काढले.

२२ जुलै, सोमवार

'बेस-फायनल-नवीन-२' वर आता एकही सर्व्हर नाही. शेवटच्या वापराची तारीख तपासली, सगळी लाँच टेम्प्लेट तपासली, मग डिसेबल केली. १५ मेला काढलेली तिची पूर्ण यादी गिटमध्ये आहे.

५ ऑगस्ट, सोमवार

१४ दिवसांत कोणाचीच तक्रार नाही. डीरजिस्टर केली, तिचे दोन्ही स्नॅपशॉट काढले. दुपारी आर्म प्रोसेसरच्या सर्व्हरसाठी तेच टेम्प्लेट चालवून पाहिलं: लॉग एजंटचं पॅकेज त्या आर्किटेक्चरसाठी वेगळ्या रेपॉझिटरीत आहे, तिथेच अडलं. उद्या तिथून पुढे.